ताव

कॅट रस्त्यावरच्या आमच्या प्रयोगशाळेत
पोलादाचा तुकडा येतो नखाएवढा,
आरशासारखा घासलेला.
मी त्यावर हिऱ्याचं टोक टेकवते,
पंधरा सेकंद थांबते, उचलते,
उरलेल्या खड्ड्याचे दोन कर्ण मोजते.
खड्डा लहान, तर धातू कडक.
एवढंच काम. बारा वर्षं झाली.

हा तुकडा अडीच दिवस आयनांच्या माऱ्याखाली होता.
वरून बघाल तर ओरखडासुद्धा नाही.

आत मात्र रामबागेतल्या गणपतीची पंगत
जेवायला बसलेली असावी, रांगेत रांग,
आणि कोणीतरी धावत येऊन आदळावं:
एक उडाला, त्यानं दोघांना पाडलं,
दोघांनी दहांना,
पापणी हलायच्या फार फार आधी
अख्खी पंगत विस्कटलेली.
आणि तितक्यातच जो तो परततो,
पाट धरतो, मांडी घालतो.
जवळजवळ सगळे.

राहतो तो एखादा रिकामा पाट.
राहतो तो कुठे दोघांच्या मध्ये
घुसून बसलेला तिसरा.
हजारदा, लाखदा असं झालं
की रिकामे पाट सरकत सरकत एकत्र येतात,
त्यांची पोकळी होते,
आणि धातू फुगतो, वजन रतीभर न वाढता.

धातू वाकतो तो रांगांमधून वाढपी फिरतो म्हणून.
आता त्याच्या वाटेत जिथे तिथे गुडघे.
तो अडतो.
यालाच आम्ही नोंदवहीत लिहितो: काठिण्य वाढले.

परवा महू नाक्याच्या कॉलेजातली एक मुलगी म्हणाली,
"मॅडम, कडक म्हणजे पक्कं ना?"
बिल्लोरे सर हसले.
मला हसू आलं नाही.
कडक म्हणजे ते आता वाकणार नाही, म्हटलं.
आणि जे वाकत नाही
ते तुटायच्या आधी सांगत नाही.

बाबांना हे शिकवावं लागत नाही.
बर्तन बाजारात छत्तीस वर्षं
त्यांनी बंब आणि घंगाळं ठोकली.
म्हणायचे, "फार ठोकलं की तांबं रुसतं.
मग त्याच्याशी भांडायचं नाही, ताव द्यायचा."
भट्टीत लाल होऊ द्यायचं, पाण्यात सोडायचं,
चर्र, आणि बाहेर येतं ते
पुन्हा पोळीच्या कणकेसारखं.
केव्हा रुसलं ते त्यांना कानाला कळायचं,
ठोक्याचा सूर चढायचा.
त्याच ठोक्यांनी ते कान गेले.

मीही ताव दिला माझ्या तुकड्याला.
निर्वात भट्टी, साडेचारशे अंश, दोन तास.
माऱ्याआधी एकशे बासष्ट,
माऱ्यानंतर दोनशे अडतीस,
तावानंतर एकशे एक्क्याऐंशी.
बिल्लोरे सर म्हणाले, "अंशतः लिहा."
लिहिलं.

रात्री पाटीवर खडूनं बाबांना आकडे दाखवले.
त्यांनी साडेचारशेवर बोट ठेवलं.
"लाल झालंच नाही?"
मी मान हलवली.
"मग एकोणीस राहणारच ना!"
आता कसं लिहू एवढ्याशा पाटीवर
की खरं भांडं हे नाही,
खरं भांडं दोन मजली उंच आहे,
एका जागी उभं आहे, चाळीस वर्षं आतून मार खातंय,
त्याला चिमट्यात धरून भट्टीत घालणारा
अजून जन्मलेला नाही.
मी लिहिलं: फार मोठं आहे.

बाबांनी ते दोनदा वाचलं.
मग ओट्यावरची स्टीलची परात ओढली,
नखानं एकदा टिचकी मारली
आणि ऐकायला म्हणून
तळहात ठेवला तिच्या पाठीवर.

मला तर कधीच ऐकू येईनासं झालं होतं.
त्यांनी हात काढला नव्हता.